छापील कार्डावर नसलेली ओळ

२०२५ सालच्या जूनमध्यें शाळा उघडली, त्या पहिल्याच आठवड्यांत नववीच्या वर्गांत युद्धाच्या गोष्टी निघाल्या. मे महिन्यांत भारत व पाकिस्तान यांच्यामध्यें जे चार दिवस शस्त्रें चाललीं, ते दिवस बहुतेक मुलांनीं आपापल्या घरीं टीव्हीपुढें व फोनवर काढले होते. एकानें कराचीचें बंदर पेटलेलें पाहिलें होतें. दुसऱ्यानें विमानें आकाशांतच फुटतांना पाहिलीं होतीं. मीं सांगितलें कीं, बंदराची बातमी कांहीं वाहिन्यांनीं दिली खरी, परंतु ती खोटी ठरली. आणि विमानांचीं जीं दृश्यें त्या दिवसांत सीमेच्या दोन्ही बाजूंस फिरत होतीं, त्यांतील कांहीं संगणकावरील खेळांतलीं होतीं. तें ऐकून मुलें हिरमुसलीं. हातांतलें खेळणें कोणी काढून घ्यावें, तशीं तीं माझ्याकडे पाहूं लागलीं.

विषय बदलावा म्हणून मीं पहिल्या महायुद्धांतील खंदकांचीं कांहीं जुनीं छायाचित्रें त्यांस दाखविलीं. पुढच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, खंदकांत गुडघाभर चिखल होता असं तुम्ही सांगतां; पण ह्या शिपायांचे कपडे तर धोब्याकडून आणल्यासारखे आहेत. तें कसं?” प्रश्न मोठा मार्मिक होता. मीं उत्तरास आरंभ केला, तोंच घंटा झाली.

ह्या सर्व वेळांत शेवटच्या बाकावरील एक मुलगा मात्र कांहींच बोलला नव्हता. त्याचा थोरला भाऊ सैन्यांत आहे. वर्ग रिकामा झाल्यावर तो मजजवळ आला व म्हणाला, “सर, त्या चार दिवसांत दादाचा एकच निरोप आला. ‘मी ठीक आहे, काळजी करूं नका.’ आई तो दिवसांतून दहा वेळां वाचायची.” एवढें बोलून तो निघून गेला.

संध्याकाळीं टेंभी नाक्यावरून घरीं जातांना दोघांचे शब्द माझ्या कानांत घुमत होते. त्या मुलीचा प्रश्न व त्या मुलाच्या घरचा निरोप हीं एकाच गोष्टीचीं दोन टोकें आहेत, असें मला वाटूं लागलें. त्या दिवशीं अर्धें राहिलेलें उत्तर ह्या वार्षिकांत पुरें करण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम त्या स्वच्छ कपड्यांविषयीं. १९१४ च्या अखेरीपासून फ्रान्स व बेल्जम या देशांत समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदकांच्या रांगा समोरासमोर पसरल्या होत्या. त्यांत पाणी, उवा, उंदीर, थंडीनें सुजलेले पाय आणि न उचललेलीं प्रेतें यांच्या सोबतीनें माणसें राहत होतीं. हें दृश्य घरच्या माणसांच्या डोळ्यांपुढें येऊं नये, अशी लढणाऱ्या सर्वच सरकारांची इच्छा होती. इंग्लंडांत ऑगस्ट १९१४ मध्येंच बातम्यांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला. पुढें थोड्या निवडक बातमीदारांस आघाडीजवळ जाण्याची परवानगी मिळाली, पण त्यांचा मजकूर लष्करी अधिकाऱ्यांच्या नजरेखालून गेल्यावांचून छापला जात नसे. हिंदी शिपायांचीं चित्रें घेण्यासाठीं १९१५ मध्यें गर्डवुड नांवाचा छायाचित्रकार सरकारी परवानगीनें फ्रान्सांत गेला. त्याच्या चित्रांत लढाईचे जे आवेशपूर्ण प्रसंग दिसतात, त्यांतील कांहीं आघाडीच्या मागें, सुरक्षित जागीं, मुद्दाम घडवून आणलेले होते. कपडे स्वच्छ कां, याचें एक उत्तर हें.

१ जुलै १९१६ रोजीं सोम नदीच्या लढाईस तोंड लागलें. त्या एका दिवशीं ब्रिटिश सैन्याचे ५७,००० हून अधिक लोक कामास मुकले, व त्यांपैकीं १९,२४० प्राणांस मुकले. परंतु त्यानंतरचीं लंडनचीं वर्तमानपत्रें ज्यानें वाचलीं, त्यास आरंभ चांगला झाला असेंच वाटलें. मातेनें चहा घेतांना तें वाचलें व ती समाधानानें कामास लागली. तिचा मुलगा तेव्हां हयात होता कीं नाहीं, हें तिला कळावयास पुढें कित्येक दिवस लागले असतील.

परंतु खोट्या बातमीहून अधिक विचार करावयास लावणारी एक लहानशी वस्तु त्या युद्धांत निघाली. तें एक पोस्टकार्ड होतें. ब्रिटिश सैन्यांतील शिपायांस घरीं पाठविण्यासाठीं तें छापून दिलेलें असे. त्यावर थोडीं वाक्यें आधींच छापलेलीं असत. मी अगदीं बरा आहें. मी आजारी किंवा जखमी होऊन इस्पितळांत आहें व सुधारत आहें. तुमचें पत्र किंवा पार्सल पोहोंचलें. बरेच दिवसांत तुमचें पत्र नाहीं. अशा अर्थाचीं तीं वाक्यें होतीं. शिपायानें नको असलेलीं वाक्यें खोडावीं, तारीख घालावी व सही करावी. याहून एक शब्द अधिक लिहिल्यास कार्ड नष्ट करण्यांत येईल, अशी ताकीद वरच छापलेली होती.

ह्या कार्डांत एकही खोटें वाक्य नाहीं, हें नीट लक्षांत घ्यावें. तरीही तें कार्ड सत्य सांगत नाहीं. कां? मी घाबरलों आहें, ही ओळ त्यावर नाहीं. माझा मित्र काल माझ्या शेजारीं मेला, ही ओळ नाहीं. आम्हांस तीन दिवस कोरडें अन्न मिळालें नाहीं, ही ओळ नाहीं. ज्या गोष्टीस कार्डावर जागाच नाहीं, ती गोष्ट घरच्यांच्या लेखीं घडतच नाहीं. असत्य सांगण्यापेक्षां सत्यास जागा न ठेवणें ही युक्ति सोपी आहे, आणि ती पकडली जाणें फार कठीण आहे. मला येथें जें सांगावयाचें आहे, तें एवढेंच.

कोणी म्हणेल, ह्या फ्रान्सच्या कथांशीं आपणां ठाणेंकरांचा संबंध काय? संबंध आपल्या स्टेशनावरून जाणाऱ्या रुळांएवढा जवळचा आहे. खडकीच्या छावणींतील बाँबे सॅपर्सच्या २० व २१ ह्या दोन कंपन्या १९१४ च्या हिंवाळ्यापूर्वींच फ्रान्सांत पोहोंचल्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यूव्ह शापेल नांवाच्या खेड्यावर झालेल्या हल्ल्यांत त्या पायदळाच्या बरोबरीनें लढल्या, व त्यांची अपरिमित हानि झाली. त्याच महिन्यांत मुंबई बंदरांतून सहाव्या पुणें डिव्हिजनची पहिली तुकडी निघाली. हें सैन्य मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, उतरलें. त्या डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. पुण्याकडून मुंबईस येणारी गाडी कल्याणवरून व ठाण्यावरूनच येते. आपण रोज ज्या रुळांवरून दादरास जातों, त्याच मार्गानें तीं माणसें बंदरावर गेलीं.

त्यांच्या पत्रांचें काय झालें? फ्रान्सांतील हिंदी शिपायांचीं पत्रें वाचण्यासाठीं हॉवेल नांवाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं एक स्वतंत्र कचेरी होती. बहुतेक शिपायांस लिहितां येत नव्हतें, म्हणून ते पलटणींतील एखाद्या जाणत्याकडून पत्र लिहवून घेत. तें प्रथम पलटणींतला अधिकारी पाही. पुढें ही कचेरी पाही. ही गोष्ट शिपायांस ठाऊक होती, आणि म्हणून ते आडवळणानें लिहूं लागले. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई व लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई, अशी एक खूण कित्येकांनीं वापरली. काळी मिरी बहुतेक संपली आहे, असें वाचलें कीं घरच्यांनीं काय तें ओळखावें. कोणी त्या युद्धास महाभारताची उपमा देई; कोणी भावास भरती होऊं नको म्हणून अस्पष्ट शब्दांनीं सुचवी. आज हें सर्व आपणांस कशावरून कळतें? त्या कचेरीनें वरिष्ठांस पाठविण्यासाठीं पत्रांतील उतारे भाषांतरून ठेवले, ते लंडनच्या ग्रंथालयांत शिल्लक आहेत, त्यांवरून. ज्यांच्या हातांत कात्री होती, त्यांच्याच दप्तरांत कापलेलें सत्य जपून राहिलें! त्यांत पंजाबाकडील शिपायांचे उतारे अधिक आहेत, कारण फ्रान्सांत त्यांचीच संख्या मोठी होती.

इकडे देशांतही वर्तमानपत्रें मोकळीं नव्हतीं. १९१० च्या प्रेस ॲक्टान्वयें सरकार छापखान्याकडून जामीन मागूं शके व तो जप्तही करूं शके. १९१५ मध्यें हिंद संरक्षणाचा कायदा त्याच्या जोडीस आला. विलायतेहून येणाऱ्या तारा मुळांतच गाळून येत. संपादकास जें कळत नव्हतें तें तो छापूं शकत नव्हता, आणि जें कळत होतें तें छापण्यापूर्वीं त्यास जामिनाची आठवण होई.

याचा परिणाम काय झाला, हें पाहण्यासाठीं पुन्हा मेसोपोटेमियाकडे वळूं. नोव्हेंबर १९१५ मध्यें पुणें डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथें तुर्कांच्या खंदकांवर चालून गेली. सुमारे ४,६०० माणसें ठार व जखमी झालीं. जखमींस प्रथम स्प्रिंगांवांचूनच्या गाड्यांतून नदीपर्यंत व नंतर उघड्या पडावांवरून बसऱ्यास आणण्यांत आलें. वाटेंत पुरेसे डॉक्टर नव्हते, औषधें नव्हतीं, कित्येकांच्या जखमांवरील पट्ट्या बदलल्या गेल्या नव्हत्या. असें असतां वर तार गेली ती, जखमींची स्थिति समाधानकारक असून वैद्यकीय व्यवस्था उत्तम चालली आहे, अशा आशयाची! बसऱ्यास इस्पितळी जहाजावर मेजर कार्टर नांवाचे डॉक्टर होते. त्यांनीं मेजिदिया नांवाची आगबोट जखमींस घेऊन येतांना पाहिली. तिच्या बाजूंस दोरखंडें लोंबत आहेत असें त्यांस दुरून वाटलें. जवळ आल्यावर दिसलें कीं, ती अतिसारानें पीडलेल्या, हलतां न येणाऱ्या माणसांची घाण होती. त्यांनीं जें पाहिलें तें लिहून वर कळविलें. बक्षीस काय मिळालें? अटकेची व जागेवरून काढून टाकण्याची धमकी.

तथापि कार्टरांनीं आपला शब्द मागें घेतला नाहीं. पुढें चौकशी झाली. मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल जून १९१७ मध्यें प्रसिद्ध झाला, व जुलै महिन्यांत हिंदुस्थानचे स्टेट सेक्रेटरी ऑस्टिन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. परंतु दरम्यान पुणें डिव्हिजन कुत येथें वेढ्यांत सांपडली होती. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ती उपाशीपोटीं खंदकांत बसून होती, व शेवटीं सुमारे १३,००० लोक तुर्कांचे कैदी झाले. त्यांतील हजारों परत आले नाहींत.

येथें एक आक्षेप येतो, व तो हसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. युद्धांत सर्वच उघड करून कसें चालेल? जहाज कोणत्या दिवशीं सुटणार, पलटण कोठें आहे, तोफा किती आहेत, हें छापलें तर शत्रु त्याचा फायदा घेईल व आपलींच माणसें मरतील. हें अगदीं खरें आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या भावानें आपला ठावठिकाणा कळविला नाहीं, हें त्यानें योग्यच केलें. परंतु शत्रूपासून गुप्त ठेवणें निराळें व घरच्यांपासून दडविणें निराळें. जखमींस औषध नाहीं, ही गोष्ट तुर्कांस कळल्यानें त्यांची एकही गोळी वाढली नसती. ती मुंबईस व सिमल्यास वेळेवर कळली असती, तर होड्या, पट्ट्या व डॉक्टर पाठविण्याचा तगादा सुरू झाला असता. ‘समाधानकारक’ ह्या एका शब्दानें लोकांचें धैर्य राखलें असेल. पण त्या शब्दामुळें मदतीस उशीर झाला, व त्या उशिराची किंमत मराठी, पंजाबी, इंग्रज अशा सर्वच आईबापांच्या मुलांनीं दिली.

हा दोष एकाच पक्षाचा होता असेंही कोणी समजूं नये. जर्मनांनीं हिंदी शिपायांच्या खंदकांत फितुरीचीं पत्रकें टाकलीं. बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फच्या छावणींत कैद्यांस वश करण्यासाठीं हिंदी व उर्दू भाषांत वर्तमानपत्र काढलें. उलट १९१७ मध्यें ब्रिटिश पत्रांनीं अशी बातमी पसरविली कीं, जर्मन लोक आपल्याच मेलेल्या शिपायांचीं प्रेतें कारखान्यांत उकळून चरबी काढतात. ती बातमी निराधार होती. १९२५ मध्यें पार्लमेंटांत तिच्याविषयींचा जर्मनीचा इन्कार मान्य असल्याचें सांगण्याचा प्रसंग परराष्ट्रमंत्र्यांवर आला, आणि ते परराष्ट्रमंत्री म्हणजे तेच ऑस्टिन चेंबरलेन होते. या असत्याचें फळ पुढें फार कडू निघालें. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ च्या सुमारास यहुदी लोकांच्या सरसकट कत्तलीच्या खऱ्या बातम्या आल्या, तेव्हां कित्येकांस मागची चरबीची कथा आठवली व त्यांनीं ह्याही बातम्यांस गप्पा मानलें. लबाड मेंढपाळाची गोष्ट आम्ही पहिलींत शिकवितों. राष्ट्रें ती विसरतात.

आणि आम्ही धर्मोपदेशक व शिक्षक ह्यांनीं तरी काय केलें? त्या युद्धांत दोन्ही पक्षांच्या प्रार्थनामंदिरांतून एकाच देवापाशीं विजय मागितला गेला. खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा शेजाऱ्यापुरती पाळली गेली व शत्रूच्या बाबतींत गुंडाळून ठेवली गेली. शिपायाचें पत्र गांवीं आलें म्हणजे तें वाचून दाखविण्याचें काम बहुधा पोस्टमनकडे किंवा शाळामास्तरांकडे येई. म्हाताऱ्या आईपुढें एखादें कठोर वाक्य आलें, तर किती मास्तरांनीं तें गिळलें असेल? मला वाटतें, मीही गिळलें असतें. अशा रीतीनें कात्री सरकारी कचेरींतून निघून पलटणींत, पलटणींतून शिपायाच्या मनांत, व तेथून आमच्या शाळेच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोंचते. कोणी सांगितलें नाहीं तरी माणूस आपल्याच हातानें ती चालवूं लागतो.

शेवटची कात्री दगडावर चालली. बसऱ्यास १९२९ मध्यें मोठें स्मारक उभें राहिलें. त्यावर अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं. परंतु साध्या हिंदी शिपायांची बहुतांशी पलटणीनिहाय केवळ संख्या दिली गेली. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगानें २०२१ मध्यें आपल्या अहवालांत ह्या भेदभावाची कबुली दिली व क्षमा मागितली. आपल्याकडील खेड्यांतूनही तशाच शिला आहेत: ह्या गांवांतून इतके गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचा आंकडा ४६ आहे. आंकडा दगडावर राहिला. पण आंकड्यावरून कोणाची भूक, कोणाचा ताप, कोणाची रात्र हें कळत नाहीं. छापील कार्डावर ती ओळ नव्हती. शिलेवरही ती नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आतां तुमच्याविषयीं. त्या काळीं लोकांस बातमी फार थोडी मिळे. तुम्हांस ती फार मिळते. टेंभी नाक्यावर गाडीची वाट पाहतां पाहतां तुमच्या हातांतील फोनवर दहा युद्धें सरकून जातात. परंतु पुष्कळ मिळणें म्हणजे पुरें मिळणें नव्हे. विमान फुटतें, ढोल वाजतो, नकाशावर बाण धांवतात. त्या बाणाखालीं कोण झोपलें होतें, तें दिसत नाहीं. म्हणून कोणतीही युद्धवार्ता, मग ती शत्रूची असो कीं आपली, पाहिली कीं मनाशीं विचारा: ह्या कार्डावर कोणती ओळ नाहीं? फक्त विजय दिसत असेल तर जखमी कोठें आहेत? फक्त शत्रूचें क्रौर्य दिसत असेल तर तें कोणी पाहिलें, केव्हां, कोठें? उत्तर मिळेपर्यंत तें दुसऱ्यास पाठवूं नका. मीं स्वतः त्या मे महिन्यांत एक दृश्य खरें समजून दोन नातलगांस पाठविलें होतें. तें खोटें निघाल्यावर त्यांस फोन करून तसें सांगतांना माझी मान खालीं गेली. ही गोष्ट मीं वर्गांतही सांगितली आहे.

पालकहो, आपणांसही एक विनंति आहे. देशावर प्रेम करावयास मुलांस अवश्य शिकवा. परंतु प्रश्न विचारणारा मुलगा देशाचा वैरी नव्हे, हेंही त्यांस शिकवा. बसऱ्यास जहाजावर उभे राहून दिसलें तें लिहिणारे मेजर कार्टर हे त्या सैन्याचे वैरी नव्हते. त्या बोटीवर पडलेल्या शिपायांस त्याच्यासारखा दुसरा मित्र त्या दिवशीं मिळाला नाहीं.

शेवटच्या बाकावरील मुलाची गोष्ट पुरी केली पाहिजे. दिवाळींत त्याचा भाऊ रजेवर आला. शेजारीपाजारी जमले; सर्वांनीं त्यास पराक्रमाच्या गोष्टी विचारल्या, व तो हसून गप्प राहिला. सगळे गेल्यावर आईनें त्याच्या ताटांत भात वाढतां वाढतां विचारलें, “त्या चार दिवसांत तूं जेवलास का रे? झोप लागायची का?” तेव्हां तो बोलूं लागला, आणि रात्रीं एक वाजेपर्यंत बोलत होता, असें त्या मुलानें मला सांगितलें. काय बोलला, हें मीं विचारलें नाहीं. तें त्याच्या आईसाठीं होतें.